वर्धा रोडवरचं हॉटेल: खापरीच्या अलीकडचं की पलीकडचं?

मावसभावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. अकोल्याहून मावशीला घेऊन तो आला होता आणि नागपूर स्टेशनबाहेर उभा होता. "दादा, हॉटेल वर्धा रोडलाच आहे, तरी ऑटोवाले यायला तयार नाहीत. एक जण म्हणतो, परतीचं भाडंही द्या." मी विचारलं, "खापरीच्या अलीकडे आहे की पलीकडे?" त्याला सांगता येईना. अकोल्याच्या माणसाला ते ठाऊक असायचं कारणही नाही. मोबाईलवर खोली घेताना त्याला पत्त्यात फक्त 'वर्धा रोड, नागपूर' दिसलं होतं. हॉटेल निघालं खापरीच्या पलीकडे, जामठ्याच्याही पुढे.

नागपूरबाहेरच्या माणसाला वर्धा रोड म्हणजे एखादा भाग वाटतो, धरमपेठ किंवा सदरसारखा. पण तो बर्डीतून, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीतून निघून थेट बुटीबोरीपर्यंत जाणारा पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता आहे. तिथे वर्ध्याचा फाटा फुटतो आणि महामार्ग पुढे हैदराबादकडे जातो. या एवढ्या लांबीवर दोन अगदी वेगळ्या जातीची हॉटेलं उभी आहेत. पत्ता दोघांचा एकच. फोटोतल्या पांढऱ्या चादरी, किटली, भिंतीवरचा टीव्ही, सगळं सारखंच. दोन्ही 'विमानतळाजवळ' असतात आणि दोन्हीकडे पार्किंग मिळतं. स्टेशनसमोरच्या किंवा बर्डीतल्या हॉटेलांपेक्षा दोन्ही मोकळीही असतात. फरक पडतो तो मेट्रो जिथे संपते तिथे.

मेट्रोची ऑरेंज लाईन दक्षिणेला खापरीला संपते. बर्डी ते खापरी हे अंतर साधारण १३ किलोमीटर आहे आणि मेट्रोनं ते अर्ध्या तासात होतं. मार्च २०१९ मध्ये हाच टप्पा सगळ्यात आधी सुरू झाला. त्यानंतर अजनी चौक, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर या पट्ट्यातल्या हॉटेलांचा अर्थच बदलला. पूर्वी ती 'लांबची' होती. आता छत्रपती चौकातून बर्डीला जायला ऑटोवाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. बर्डीला गाडी बदलली की दुसऱ्या मार्गावर रेल्वे स्टेशनला लागूनच मेट्रोचं स्थानक आहे. हायकोर्ट आणि विधानभवन सिव्हिल लाईन्समध्ये आहेत, त्यासाठी झिरो माईल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरायचं. दीक्षाभूमीला जायचं तर रहाटे कॉलनी. उपनगरात राहून शहरातली कामं करणं म्हणतात ते हे.

खापरीच्या पलीकडचं हॉटेल उपनगरातलं नाही, ते महामार्गावरचं आहे. ते गाडी घेऊन आलेल्या माणसासाठी बांधलेलं असतं. हैदराबादकडून येणारा, रात्र काढून पहाटे जबलपूरकडे निघणारा, बुटीबोरीच्या एमआयडीसीत दोन दिवसांचं काम असलेला, हे त्याचं खरं गिऱ्हाईक. अशा माणसाला ते उत्तम पडतं. शहराच्या गर्दीत शिरावं लागत नाही, गाडी खोलीसमोर उभी राहते आणि जेवण रात्री उशिरापर्यंत मिळतं. मात्र पायी फिरणाऱ्याचे तिथे हाल होतात. मेडिकलचं दुकान रस्त्यापलीकडे असेल तर मधे दुभाजक असतो आणि ट्रक भरधाव जात असतात. सत्तरीच्या मावशीला तो रस्ता ओलांडायला लावणं मला पटत नाही. दर्शनी खोलीत रात्रभर हॉर्न ऐकू येतात. शिवाय महामार्गावरच्या पाटीवर 'हॉटेल' लिहिलेलं असलं तरी तिथे राहायची सोय असेलच असं नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जेवायची जागाही असते, म्हणून 'लॉजिंग' हा शब्द शोधायचा.

भावाचा हिशेब आम्ही नंतर मांडला. बर्डीतल्या खोलीपेक्षा ती खोली रोज सातशे रुपयांनी स्वस्त होती. मावशीच्या तपासण्या शहरातल्या मेडिकल चौकाजवळ होत्या. सकाळी जायला पाचशे, संध्याकाळी परतायला साडेपाचशे. एका दिवशी एक रिपोर्ट विसरला म्हणून तो पुन्हा आला आणि गेला. तीन दिवसांत वाचवलेले पैसे गेलेच, वर आणखी गेले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. दोन तपासण्यांच्या मधे तीन तास रिकामे होते आणि मावशीला जरा आडवं व्हायला खोलीवर नेता आलं नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिली ती. आजारी माणसाबरोबर आलेल्यांनी खोलीच्या भाड्याआधी हे बघावं.

विमानतळ या शब्दानं आणखी एक घोळ होतो. एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ आणि न्यू एअरपोर्ट अशी मेट्रोची तीन स्थानकं आहेत. विमानानं येणाऱ्याच्या कामाचं त्यातलं पहिलंच, आणि तेही वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान असेल तर मधल्या तुकड्याला ऑटो लागतोच. तेव्हा 'न्यू एअरपोर्ट स्थानकाजवळ' असं वाचून विमानाच्या सोयीसाठी खोली घेऊ नका. अजनीचंही असंच आहे. अजनी चौक मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे आणि अजनी रेल्वे स्टेशन वेगळीकडे. तुमची गाडी अजनीहून सुटणार असेल तर हे आधी नीट बघून घ्या.

'विमानतळापासून दहा मिनिटं' या ओळीवरही विसंबू नये. विमानतळापासून दहा मिनिटं शहराकडे गेलात तर छत्रपती चौक येतो, उलट्या दिशेला गेलात तर खापरी मागे पडते. अंतर नेहमी तुमचं काम जिथे आहे तिथून मोजा. ते ठरलं नसेल तर बर्डीपासून मोजा.

अलीकडची हॉटेलं सगळ्यांनाच सोयीची असतात असं नाही. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते, त्यानंतरच्या रेल्वेनं येणाऱ्याला ऑटो किंवा टॅक्सीच धरावी लागते. मुंबईहून येणारी दुरांतो सकाळी सातच्या पुढेमागे पोचते आणि या पट्ट्यातल्या बऱ्याच हॉटेलांत खोली दुपारी बारानंतर मिळते. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये बरेचदा चोवीस तासांचा हिशेब असतो, सकाळी सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. एकाच दिवसाचं काम असेल तर मी पाहुण्यांना तिथेच राहायला सांगतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की बर्डी, रामदासपेठ, सिव्हिल लाईन्समध्ये खोली मिळणं अवघड होतं. मोर्च्यांमुळे रस्तेही वळवतात. त्या दिवसांत मात्र उज्ज्वल नगरला राहून मेट्रोनं ये-जा करणंच शहाणपणाचं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हाही हेच लागू. मे महिन्यात येणार असाल तर पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणून खोलीत एसी आहे की कूलर, हे फोन करून विचारा.

पलीकडचं हॉटेल डोळे झाकून घ्यावं अशी कामंही आहेत. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असेल तर संपल्यावर शहराकडे परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अडकण्यापेक्षा तिकडेच मुक्काम केलेला बरा. जामठ्यालाच नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिथे उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांना बर्डीत राहून रोज ये-जा करताना मी पाहिलंय, आणि त्यात त्यांचा जीव निघतो. एम्स मिहान या खापरीजवळच्या प्रकल्पाच्या परिसरात आहे, तिथे काम असेल तर खापरीच्या आसपासचा मुक्काम बरा.

या वर्षी मावशीला पुढच्या उपचारासाठी जामठ्याला पाठवलं. भावानं फोन केला, "दादा, आता कुठे राहू?" मी त्याला तेच जुनं हॉटेल घ्यायला सांगितलं, फक्त खोली मागच्या बाजूची माग म्हटलं. सकाळच्या तपासण्या आटोपल्या की तो मावशीला खोलीवर नेतो. दुपारी ती तासभर झोपते आणि चार वाजता दोघं परत दवाखान्यात जातात.