जिप्सम बोर्ड भिंतीचे सफाईकाम

लाकडी वा धातूच्या सांगाड्यावर बसवलेल्या जिप्सम बोर्डांचे (ड्रायवॉल; कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्समचा गाभा असलेले तक्ते) सांधे, स्क्रूची डोकी आणि कोपरे भरून, घासून रंग देण्याजोगा सलग पृष्ठभाग तयार करण्याचे काम.

या बोर्डाचे जनकत्व बहुधा ऑगस्टीन सॅकेट यांना देतात. त्यांना १८९४ मध्ये अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळाले. इंग्लंडमधील रॉचेस्टर येथे १८८८ च्या सुमारास अशा बोर्डांचा कारखाना निघाल्याचेही सांगितले जाते. सफाईकामाच्या इतिहासात मात्र हा वाद दुय्यम मानावा. सॅकेट यांचा बोर्ड कागद आणि प्लास्टर यांच्या आलटून पालटून थरांचा असून मुख्यतः गिलाव्याला आधार म्हणून वापरला जाई. गिलावाच वगळून नुसते सांधे बुजवण्याची रीत पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीत, रुळली.

बोर्डाच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात. त्या खोलगटीत कंपाउंड (सांधे बुजवण्याचा लगदा) भरून कागदी टेप दाबतात आणि तो वाळल्यावर दरवेळी अधिक रुंद पात्याने आणखी दोन हात देतात. आखूड कडांना असा उतार नसल्याने तेथे फुगवटा येतोच. तो दोन्ही बाजूंना दूरवर पसरवून नजरेआड करणे यातच कारागिराची खरी परीक्षा असते.

कंपाउंड दोन प्रकारचे. एक पाणी उडून वाळते व आकसते, म्हणून प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा लागतो. दुसऱ्यातील अर्धजलीय कॅल्शियम सल्फेट (प्लास्टर ऑफ पॅरिस) पाणी घेऊन पुन्हा जिप्सम बनते. ते कमी आकसते, पण घासायला कठीण जाते. कागदी टेपऐवजी जाळीची टेप वापरल्यास तिच्यावर पहिला हात याचाच द्यावा.

अमेरिकी प्रथेत सफाईच्या ० ते ५ पातळ्या आहेत. चौथ्या पातळीपर्यंत बोर्डाचा कागद उघडाच राहतो. कागद आणि कंपाउंड यांची शोषणक्षमता व पोत वेगळे असल्याने चकचकीत रंगात, किंवा खिडकीतून तिरपा उजेड पडताच, सांध्यांचे पट्टे उमटतात. त्यावर उपाय पाचव्या पातळीचा : संपूर्ण भिंतीवर कंपाउंडचा पातळ हात. तिरप्या उजेडातल्या भिंतींसाठी हा खर्च टाळू नये. घासण्यापूर्वी भिंतीलगत दिवा धरला की उंचवटे आधीच दिसतात. घासताना कागदाचे तंतू उठू देऊ नयेत. रंगाखाली ते लव उठल्यासारखे दिसतात.

धूळ अतिसूक्ष्म असून तीत सिलिका असू शकते, म्हणून मुखपट्टी आवश्यक. जुन्या कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज) असे. अमेरिकेत त्यावर १९७७ मध्ये बंदी आली. त्याआधीची भिंत तपासणी केल्याशिवाय घासू नये.