मोजलेली पावले: घरच्या वर्कशॉपमधील सीएनसी मिलिंगची पार्श्वभूमी

घरी बांधलेल्या बहुतेक सीएनसी मिलिंग मशीनना, म्हणजे फिरत्या कटरने माल कापणाऱ्या संगणक-चालित मशीनना, आपले टेबल नेमके कुठे आहे हे कळत नाही. कंट्रोलर मोटरकडे पल्स पाठवतो, त्या मोजतो, आणि जितक्या पाठवल्या तितक्या स्टेप (ठरलेल्या कोनाची छोटी पावले) मोटरने टाकल्याच असे धरून पुढे जातो. कटर अडकून मोटर जागच्या जागी थरथरत राहिली तरी पडद्यावरचे आकडे पुढे सरकतच राहतात. कारखान्यातल्या मशीनवर हात बसलेल्या माणसाला हे पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो. तरीही छंद म्हणून मिलिंग करणाऱ्यांचे जग याच व्यवस्थेवर उभे राहिले. सध्या ‘क्लोज्ड लूप’ मोटरींवरून, म्हणजे आपले फिरणे मोजून कळवणाऱ्या मोटरींनी मशीन अचूक होते का यावरून, जो वाद चालतो, त्याची मुळेही तिथेच आहेत.

संख्यांनी मशीन चालवण्याची कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून आली. पात्याच्या वक्ररेषेवरचे बिंदू पंचकार्डाच्या यंत्रावर काढायचे, ऑपरेटरने हँडव्हील फिरवून एकेका बिंदूवर कटर न्यायचा, आणि मधे राहिलेले उंचवटे कानशीने घासून काढायचे, अशी ती रीत होती. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये छिद्रित कागदी पट्टीवर चालणारे तीन अक्षांचे मिलिंग मशीन जाहीरपणे चालवून दाखवले गेले. त्याच्या नियंत्रणात शेकडो निर्वात नळ्या होत्या. आपल्या विषयासाठी त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: ते मशीन सर्व्होवर चालत होते. प्रत्येक अक्षाचे स्थान मोजून मागे कळवले जाई आणि हवे ते स्थान व मिळालेले स्थान यांतला फरक मिटेपर्यंत मोटर चालवली जाई. पुढे कारखान्यांनी हाच मार्ग धरला. नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, पट्टीच्या जागी संगणक आला, जी-कोडचे (मशीनला चाल सांगणाऱ्या आज्ञांच्या भाषेचे) आरएस-२७४-डी हे मानक १९८० मध्ये पक्के झाले, पण मागे येणारा संदेश कायम राहिला.

घरच्या वर्कशॉपला हा मार्ग झेपणारा नव्हता. औद्योगिक सर्व्हो, त्याचा एन्कोडर (शाफ्ट किती फिरला हे मोजणारा सेन्सर), त्याचा अॅम्प्लिफायर आणि त्याचे ट्यूनिंग या चारही गोष्टी हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या. हाताशी होत्या त्या मोडीत निघालेल्या प्रिंटरमधल्या स्टेपर मोटरी. प्रत्येक पूर्ण स्टेपला १.८ अंश, म्हणजे एका फेऱ्यात २०० स्टेप. लहान हातमिलच्या हँडव्हीलच्या जागी कपलिंग लावून अशी मोटर बसवली की अर्धे रूपांतर झाले. उरलेला अर्धा भाग, म्हणजे पल्स वेळेवर पाठवणे, बरीच वर्षे घरातल्या संगणकाने केला, आणि तोही प्रिंटरसाठी दिलेल्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून.

हा पोर्ट जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. साध्या वापरात त्याच्या १२ पिना बाहेर जाणाऱ्या आणि ५ आत येणाऱ्या. तीन अक्षांना स्टेप आणि दिशा अशा दोन-दोन तारा धरल्या तर सहा पिना खर्च होतात. उरलेल्यांतून स्पिंडलचा रिले आणि कूलंट निघतो. आत येणाऱ्या पाच पिनांवर लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप. आता तीन अक्षांना एन्कोडर लावायचे म्हटले तर प्रत्येकी दोन सिग्नल, म्हणजे सहा पिना लागणार, आणि शिल्लक एकही नाही. वेगात येणारे ते सिग्नल न चुकता मोजणे संगणकाला जमले नसते, ते वेगळेच. हौशी मशीन ओपन लूप, म्हणजे स्थान मागे न कळवणारे, राहिले यामागे तत्त्वविचार होताच, पण या पाच पिनांचा वाटाही मोठा होता, असे माझे ठाम मत आहे.

पोर्टची दुसरी अडचण वेळेची. स्टेपर मोटरला पल्स एकसारख्या अंतराने मिळाल्या नाहीत तर ती स्टेप गमावते, आणि सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमला अशा शिस्तीची सवय नसते. विंडोजवरच्या सर्वांत लोकप्रिय प्रोग्रॅमने, मॅक-३ ने, आपला ड्रायव्हर सिस्टिममध्ये खोलवर बसवून सेकंदाला २५,००० पल्सची लय मिळवली. लिनक्सवाल्यांनी कर्नेलच, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, रिअल-टाइम (वेळ काटेकोर पाळणारा) करून घेतला. त्यांचा कंट्रोल प्रोग्रॅम मुळात अमेरिकेच्या सरकारी मापन संस्थेत १९९० च्या दशकात सर्व्हो मशीनसाठी लिहिला गेला होता. सरकारी काम म्हणून तो कोणालाही मोकळेपणाने वापरता येत होता, आणि हौशी मंडळींनी त्यात स्टेपरची सोय घालून तो आपलासा केला. आज तो लिनक्ससीएनसी म्हणून ओळखला जातो. आधीचे नाव एका मोठ्या कंपनीच्या ट्रेडमार्कशी जुळत असल्याने सोडावे लागले. जी-कोडची जी बोली आज घराघरांतल्या मशीनना समजते, तिच्यावर या सरकारी प्रोग्रॅममधल्या इंटरप्रिटरची (जी-कोड वाचणाऱ्या भागाची) छाप स्पष्ट दिसते.

त्या काळचे वेगाचे गणित साधे होते. ५ मिलिमीटर लीडचा (एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवणारा) बॉल स्क्रू आणि आठ भागांचे मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ भाग करणे) धरले तर फेऱ्याला १,६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२०. सेकंदाला २५,००० पल्स म्हणजे मिनिटाला सुमारे ४,७०० मिलिमीटर. लहान मिलला हा वेग पुरून उरतो. पण लॅपटॉपची वीजबचत मधेच जागी झाली की ही लय तुटायची, आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर चालतच नव्हता. म्हणूनच अनेक वर्कशॉपमध्ये जुने डेस्कटॉप आजही जपून ठेवलेले दिसतात.

आता वादाच्या शब्दाकडे. ‘क्लोज्ड लूप’ म्हणून आज विकली जाणारी मोटर बहुधा नेहमीची स्टेपरच असते. तिच्या मागच्या टोकाला एन्कोडर असतो आणि सोबत तो वाचणारा ड्रायव्हर. कुणी तिला हायब्रिड सर्व्हो म्हणते, कुणी ईझी सर्व्हो. ही घेतली की मशीन अचूक झाले, असा समज सर्रास आढळतो आणि नव्याने मशीन बांधणाऱ्यांचे त्यात नुकसान होते.

लूप बंद होतो म्हणजे कुठे बंद होतो, हा खरा प्रश्न आहे. त्याची तीन उत्तरे आहेत. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असेल आणि ड्रायव्हर एकटाच तो वाचत असेल, तर मोटर आणि ड्रायव्हर यांच्यापुरता लूप बंद होतो. कंट्रोलर पूर्वीसारखाच डोळे मिटून पल्स मोजत राहतो. एन्कोडर शाफ्टवरच पण वाचणारा कंट्रोलर असेल, तर त्याला कारखान्यात सेमी-क्लोज्ड म्हणतात. आणि टेबललाच मोजपट्टी, म्हणजे लिनिअर स्केल, लावून तिचे वाचन कंट्रोलरला दिले तरच फुल क्लोज्ड. घरच्या मशीनसाठी मिळते ते जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारातले असते. त्या एन्कोडरला कपलिंग सरकलेले दिसत नाही, नटमधला खेळ दिसत नाही, कॉलम वाकलेला दिसत नाही. शाफ्ट नेमका फिरला एवढेच तो सांगतो.

आणि शाफ्ट तसाही नेमकाच फिरत होता. चांगल्या स्टेपरची चूक साधारणपणे एका पूर्ण स्टेपच्या पाच टक्क्यांइतकी असते आणि ती साचत जात नाही. ५ मिलिमीटर लीडवर पूर्ण स्टेप म्हणजे ०.०२५ मिलिमीटर, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे ०.००१२५ मिलिमीटर. घरी वापरला जाणारा सी-७ दर्जाचा रोल्ड बॉल स्क्रू मात्र ३०० मिलिमीटरच्या अंतरात ०.०५ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो, म्हणजे चाळीस पट. साध्या आट्यांच्या स्क्रूवर बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यातला खेळ, याहून किती तरी जास्त असतो. तो प्रोग्रॅममध्ये भरपाईचा आकडा घालूनही जात नाही, कारण डाउन मिलिंगमध्ये (कटरचे दात मालाच्या सरकण्याच्या दिशेनेच फिरतात तेव्हा) कटर टेबलला स्वतःकडे ओढतो आणि तेवढ्या खेळात टेबल उडी मारते. ज्या पैशांत आणि कष्टांत बॉल स्क्रू, पुरेशा जाडीचा कॉलम आणि गुण्यात बसवलेल्या रेल होतात, ते मोटरच्या एन्कोडरवर घालवणे मला चुकीचे वाटते.

एन्कोडरच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. अशी मोटर लोडनुसार करंट घेते, म्हणून कमी तापते. मधल्या वेगात साधी स्टेपर रेझोनन्समुळे (स्वतःच्याच कंपनांमुळे) गळपटते, तिथे ही तग धरते. मुख्य म्हणजे ती अडकली की ड्रायव्हर अलार्म देतो. पण हा अलार्म कंट्रोलरच्या इनपुटला जोडला तरच कामाचा. पुष्कळ मशीनवर ती तार मोकळी लोंबकळताना दिसते. मग एक्स अक्ष अलार्म देऊन थांबतो, वाय आणि झेड पुढे चालतात, आणि जॉब साध्या स्टेपरपेक्षाही वाईट बिघडतो. जुनी शिस्त याहून सोपी होती: मोटरच्या टॉर्कचा निम्मा भाग राखून ठेवायचा, पुरवठा ३६ ते ४८ व्होल्टचा ठेवायचा म्हणजे वेगात टॉर्क ढासळत नाही, आणि कटची खोली स्पिंडलला झेपेल तेवढीच द्यायची. या शिस्तीत चालवलेले मशीन तासन्तास एकही स्टेप गमावत नाही.

मायक्रोस्टेपिंगबद्दलही असाच गैरसमज आहे. सोळा भाग केले की अचूकता सोळापट वाढत नाही. एका मायक्रोस्टेपच्या विचलनाला विरोध करणारा टॉर्क पूर्ण टॉर्कच्या जेमतेम दहा टक्के असतो, त्यामुळे कटरचा दाब त्या बारीक विभागणीला सहज खाऊन टाकतो. मायक्रोस्टेपिंगने चाल मऊ होते, हाच त्याचा मोठा लाभ.

२००९ मध्ये चित्र पालटू लागले. जीआरबीएल हा छोटा मोफत प्रोग्रॅम आला आणि पल्स मोजण्याचे काम पीसीकडून आर्डुइनोच्या चिपकडे गेले. या चिपची रॅम अवघी २ किलोबाइट आणि घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे. तेवढ्यात तीन अक्षांचा प्रवेग-मंदन, पुढच्या ओळी आधी वाचून कोपऱ्यावर वेग उतरवणे आणि सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स बसवणे हे विलक्षण काम आहे. ज्यांनी ते केले त्यांचे ऋण फारसे कोणी बोलून दाखवत नाही. त्यातल्या चाल आखणाऱ्या भागावरून, म्हणजे प्लॅनरवरून, थ्रीडी प्रिंटरच्या फर्मवेअरने आपले प्लॅनर बेतले. संगणकाने आता फक्त यूएसबीवरून ओळी पाठवायच्या होत्या, आणि लॅपटॉप पुन्हा वर्कशॉपमध्ये आला.

त्यानंतर ३०० बाय १८० मिलिमीटर टेबलाची ३०१८ म्हणून ओळखली जाणारी लहान मशीन जगभर पसरली. लाकूड, प्लॅस्टिक, सर्किट बोर्ड तिला जमते. अॅल्युमिनियम जपून, थराथराने. पोलाद कापायचे तर अजूनही जाड कास्ट आयर्नचा कॉलम लागतो, किंवा दगडी चुरा आणि इपॉक्सी ओतून केलेला बेड. कॅम सॉफ्टवेअरमध्येही (आराखड्यावरून कटरचा मार्ग काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उलथापालथ झाली. हौशी लोक ज्यावर अवलंबून होते अशा एका प्रणालीने २०२० मध्ये वैयक्तिक परवान्यातून रॅपिड चाल (न कापता पूर्ण वेगाने सरकणे) काढून घेतली. रिकाम्या हवेतूनही टूल कटिंगच्या फीडने, म्हणजे कापण्याच्या संथ वेगाने, जाऊ लागले. तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरकडे ओढा वाढला. फ्रीकॅड या मुक्त आराखडा-प्रोग्रॅमची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा त्यातल्या कॅम विभागावर काम करणाऱ्यांत मिलिंग करणारे हौशीच पुष्कळ होते.

कंट्रोलर आता ३२ बिटचे आहेत, काहींना इथरनेट आहे, आणि टेबलवर चुंबकीय स्केल लावून खरोखरच फुल क्लोज्ड मशीन बांधणारेही मोजके भेटतात. मात्र ड्रायव्हरच्या टर्मिनलपाशी पाहिले तर आजही बहुतेक ठिकाणी प्रत्येक अक्षाला पॅरलल पोर्टच्या काळातल्याच दोन तारा येतात, एक स्टेपची आणि एक दिशेची.