सात टक्के महाग, नऊ टक्के स्वस्त: फ्लॅट आणि रिड्यूसिंग व्याज

माझा भाचा जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचा. घरची केळी, शिवाय ती पिकवायचं स्वतःचं रायपनिंग चेंबर. दोन दारांच्या स्पोर्ट्स कारचं त्याला शाळेपासून वेड. पुण्याच्या शोरूममधून त्याचा फोन आला, "मामा, इथले सात टक्क्यानं कर्ज देऊ राहिले. आपली बँक नऊ म्हणते. सही करून टाकू का?"

मी म्हटलं, "थांब. सात टक्के फ्लॅट की रिड्यूसिंग, एवढं विचार."

फ्लॅटच निघालं.

दोन्हींना व्याजदरच म्हणतात, दोन्ही वर्षाचेच असतात, म्हणून घोटाळा होतो. फरक आहे तो व्याज कोणत्या रकमेवर धरलं याचा. वीस एकर शेत पाच वर्षं खंडानं घेतलं आणि दर वर्षी चार एकर परत करत गेलात, तर खंड उरलेल्या शेताचाच द्याल ना? रिड्यूसिंग म्हणजे तेच: हप्ता भरला की मुद्दल घटतं आणि पुढचं व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं. फ्लॅटमध्ये मात्र शेवटच्या वर्षी चार एकर हाती असताना खंड वीस एकरांचाच मोजावा लागतो.

भाच्याला ४० लाख हवे होते, ५ वर्षांसाठी. ७ टक्के फ्लॅटनं वर्षाचं व्याज २ लाख ८० हजार, पाच वर्षांचं १४ लाख. एकूण ५४ लाख भागिले ६०, म्हणजे हप्ता ९०,०००. बँकेच्या ९ टक्के रिड्यूसिंगनं हप्ता येतो साधारण ८३,०३० आणि पाच वर्षांचं व्याज सुमारे ९ लाख ८२ हजार. सातवालं कर्ज नऊवाल्यापेक्षा ४ लाख १८ हजारांनी महाग! ते सात टक्के रिड्यूसिंगच्या भाषेत साडेबारा टक्के होतात. पाच वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दर पावणेदोनपट करून थोडा वर धरा, खरा दर जवळपास कळतो. नेमका हवा असेल तर गूगल शीट्समध्ये 'रेट' नावाचं सूत्र आहे. हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून) आणि कर्जाची रक्कम घाला, आलेल्या आकड्याला बारानं गुणा.

आपल्याकडे व्याजाचं गणित लोकांना येत नाही, असं मला मुळीच वाटत नाही. दीड रुपया शेकडा म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा तोंडी वर्षाचे अठरा टक्के सांगतात. शोरूमच्या काचेआड गाडी चमकत असताना मात्र दर ऐकला जातो आणि तो कशावर, हे विचारायचं राहतं. त्याचं मला वाईट वाटतं, कारण हा पैसा उन्हातान्हात कमावलेला असतो.

"महिन्याला किती जमेल?" या प्रश्नालाही लगेच उत्तर देऊ नका. त्याच ९ टक्के रिड्यूसिंगनं मुदत ७ वर्षं केली तर हप्ता सुमारे ६४,३५० वर उतरतो, पण व्याज १४ लाखांवर चढतं. हप्त्याबरोबर एकूण परतफेडही विचारा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची मुख्य माहिती देणारा कागद, द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे आकार धरून वार्षिक खर्चाचा टक्का, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. फ्लॅट-रिड्यूसिंगचा गोंधळ त्या एका आकड्यानं मिटतो, प्रोसेसिंग फीसुद्धा त्यात येते. आणि अशा मुदतीच्या कर्जात त्या कागदावरच्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. तेवढ्यात पुण्याहून घरी येऊन जळगावच्या बँकेत तुलना करून होते.

घासाघीस किमतीची वेगळी आणि कर्जाची वेगळी ठेवा. आधी एक्स-शोरूम किंमत आणि सवलत लेखी घ्या, मगच कर्जाचा विषय काढा. भाच्याला आधी २ लाखांची सूट सांगितली होती, पण कर्ज त्यांच्याकडूनच घेण्याच्या अटीवर. सूट धरूनही ते कर्ज त्याला २ लाख १८ हजारांनी महाग पडत होतं. त्यानं बँकेचं मंजुरीपत्र पुढे ठेवून किमतीवर पुन्हा बोलणी केली. बिनशर्त सूट सव्वा लाखाची मिळाली, आणि कर्ज बँकेचंच घेतलं.