दुहेरी ग्राफिक्स (वैयक्तिक संगणक)

प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स, म्हणजे आयजीपीयू, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही एकाच संगणकात चालू ठेवून त्यांना कामे वाटून देण्याची पद्धत. दोघांची ताकद मिळून गेमचा वेग वाढतो, ही समजूत चुकीची आहे. एकच दृश्य दोघांकडून रेखाटून घेण्याचे प्रयत्न एनव्हिडियाने हायब्रिड एसएलआय (२००८) आणि एएमडीने ड्युअल ग्राफिक्स (२०११) या नावांनी केले. ते टिकले नाहीत. दोन चिपांच्या वेगात फार तफावत असते. आयजीपीयूला स्वतःची मेमरी नसते, तो संगणकाची रॅम वापरतो. डीडीआर४-३२०० रॅम ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालताना, सेकंदाला ५१.२ जीबी देते, तीही प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते. एनव्हिडियाच्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते.

जोडणी : आधी प्रोसेसर पाहावा. इंटेलच्या 'एफ' अक्षराच्या प्रोसेसरमध्ये (उदा. आय५-१२४००एफ) आयजीपीयू चालूच होत नाही. एएमडीच्या डेस्कटॉप रायझन ५००० मालिकेत तो फक्त 'जी' प्रकारांत आहे. ७००० मालिकेत बहुतेकांत आहे, पण छोटा. कार्ड बसवताच अनेक मदरबोर्ड आयजीपीयू बंद करतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) तो पुन्हा चालू करावा लागतो: असुसवर 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर', गिगाबाइटवर 'इंटर्नल ग्राफिक्स'. 'प्रायमरी डिस्प्ले' मात्र कार्डावरच ठेवावा. मग दोन्हींचे ड्रायव्हर टाकावेत. बायोस अपडेट केल्यावर किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्यावर ही सेटिंग मूळपदावर जाते आणि मदरबोर्डला जोडलेला दुसरा मॉनिटर अचानक काळा पडतो. दुकानात नेण्याआधी एवढे तपासावे.

मुख्य मॉनिटरची केबल कार्डाला, दुसऱ्याची मदरबोर्डला लावावी. गेमच्या मॉनिटरची केबल मदरबोर्डला असली तर कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरून) रॅममध्ये न्यावी लागते. फुल एचडीची एक फ्रेम सुमारे ८.३ एमबी, म्हणजे १४४ फ्रेमना सेकंदाला १.२ जीबी. वाहतूक जमते, पण फ्रेम घटतात आणि माउसला उशीर जाणवतो. कोणता प्रोग्राम कुठे चालवायचा हे विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ आवृत्तीपासून सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स येथे ठरवता येते. लॅपटॉपवर कॅड (यंत्रभागांचे आराखडे काढण्याचा) प्रोग्राम संथ चालत असेल, तर तो बहुधा आयजीपीयूवर उघडलेला असतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कारखान्यांत डिझाइनचे काम लॅपटॉपवर करणाऱ्यांनी नवे कार्ड घेण्याआधी हे पाहणे फायद्याचे.

व्हिडिओ संपादन : दुहेरी जोडणीचा खरा लाभ इथे आहे. नाशिकच्या लग्नसराईत चित्रण करणाऱ्यांचे नवे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या) एचईव्हीसी फाइल देतात; एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत. आरटीएक्स ५० मालिकेआधीची एनव्हिडिया कार्डे ती हार्डवेअरवर उलगडू शकत नाहीत. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनचे क्विक सिंक, म्हणजे आयजीपीयूमधला व्हिडिओ उलगडणारा भाग, ती उलगडते. म्हणून महागडे कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते, आणि आयजीपीयू चालू करताच सरळ वाहू लागते. प्रीमियर प्रो या संपादन प्रोग्राममध्ये प्रेफरन्सेस, मीडिया येथे हार्डवेअर डिकोडिंगसाठी इंटेलवर खूण करावी. इफेक्ट आणि रंगकाम कार्डाकडेच राहते. ११ ते १४ व्या पिढीचे क्विक सिंक १०-बिट ४:२:२ एच.२६४ (एचईव्हीसीच्या आधीची पद्धत) मात्र उलगडत नाही. कॅमेऱ्यात पर्याय असेल तर चित्रणापूर्वीच एचईव्हीसी निवडावे, नाहीतर प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती, बनवण्यात रात्र जाते.

मर्यादा : आयजीपीयू रॅम वापरतो. ८ जीबीच्या संगणकात हा खटाटोप करू नये. १६ जीबी, तीही दोन पट्ट्यांत असावी. त्याची उष्णता प्रोसेसरच्याच कूलरवर येते. नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी गाठतो, तेव्हा बॉक्स कूलरवर लांबलचक एक्सपोर्ट करताना प्रोसेसर वेग उतरवू शकतो. अशा वेळी कूलरची धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट आधी पाहावी.