‘टर्मिनेटिंग’वर अडकलेली नेमस्पेस

कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत एखादा रिसोर्स (तिच्यात नोंदवलेली कुठलीही वस्तू) डिलीट केला, की तो लगेच पुसला जातोच असं नाही. त्याच्या नोंदीत फायनलायझर असेल, तर एपीआय सर्व्हर (सगळ्या विनंत्या हाताळणारा भाग) फक्त डिलीशन टाइमस्टॅम्प लावून थांबतो. फायनलायझर ही कंट्रोलरने (रिसोर्सची देखभाल करणाऱ्या प्रोग्रामने) लावलेली खूण: माझं आवरून झाल्याशिवाय हे काढू नका. पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) वापरत असलेला पीव्हीसी (साठवणुकीच्या जागेची मागणी) चुकून डिलीट केला तरी डेटा वाचतो, तो या खुणेमुळेच.

घोटाळा होतो तो साफसफाईचा क्रम चुकल्यावर. जुना ऑपरेटर (एखादं ॲप सांभाळणारा कंट्रोलर) आधी काढला, तर त्याच्या कस्टम रिसोर्सवरची (त्याने आणलेल्या नव्या प्रकारच्या रिसोर्सवरची) खूण उतरवायला कुणी उरत नाही आणि नेमस्पेस (रिसोर्सचा स्वतंत्र नावाचा गट) दिवसेंदिवस ‘टर्मिनेटिंग’ दाखवत राहते. म्हणून आधी कस्टम रिसोर्स, मग ऑपरेटर, शेवटी सीआरडी (त्या रिसोर्सच्या प्रकाराची व्याख्या).

अडकलीच, तर नेमस्पेसची नोंद यामल या मजकूर स्वरूपात मागवून तिच्यातल्या स्टेटसखालच्या कंडिशन्स वाचा. कुबेक्टल या कमांड साधनाच्या ‘कुबेक्टल गेट ऑल’वर विसंबू नका, त्यात कॉन्फिगमॅप, सीक्रेट आणि बहुतेक कस्टम रिसोर्स दिसतच नाहीत.

‘नेमस्पेस डिलीशन डिस्कव्हरी फेल्युअर’ ही कंडिशन ट्रू असेल, तर दोष नेमस्पेसमध्ये नाहीच. क्लस्टरला (कुबरनेटिस चालवणाऱ्या मशिनच्या समूहाला) जोडलेली एखादी एपीआय सेवा बंद पडलेली असते, अनेकदा मेट्रिक्स सर्व्हरची (सीपीयू-मेमरीचा वापर सांगणाऱ्या भागाची). रिसोर्सच्या प्रकारांची पूर्ण यादी मिळत नाही, म्हणून काम पुरं होत नाही. ‘कुबेक्टल गेट एपीआयसर्व्हिस’ चालवून अव्हेलेबल रकान्यात फॉल्स कुठे आहे ते बघा. ती सेवा दुरुस्त केली, किंवा ती खरंच नको असेल तर तिची नोंद काढली, की नेमस्पेस आपोआप जाते.

‘फायनलायझर्स रिमेनिंग’ ट्रू असेल, तर मेसेजमध्येच फायनलायझरचं नाव आणि तो किती रिसोर्सवर आहे ते लिहिलेलं असतं. अशा वेळी ऑपरेटर पुन्हा बसवून त्याला त्याचं काम करू देणं सर्वांत बरं. खूण हाताने काढली, तर क्लाउडवरचा लोड बॅलन्सर किंवा डिस्क तशीच राहू शकते आणि बिल चालू राहतं. नेमस्पेसचा स्वतःचा फायनलायझर जबरदस्तीने काढणं त्याहून वाईट: आतले रिसोर्स ईटीसीडीत (क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये) राहतात आणि त्याच नावाची नेमस्पेस पुन्हा केली की परत दिसू लागतात.

बाकीचा कचरा सोपा आहे. डिप्लॉयमेंटचे (ॲप चालवणाऱ्या रिसोर्सचे) जुने १० रेप्लिकासेट (आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदी) मुद्दाम ठेवलेले असतात. रोलबॅकला, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परतायला, तेच लागतात. डिस्क ८५ टक्के भरली की क्युबलेट (प्रत्येक मशिनवरचा कुबरनेटिसचा प्रोग्राम) न वापरलेल्या कंटेनर इमेज काढून ती ८० टक्क्यांवर आणू बघतो. हाताने सुरू केलेले जॉब (एकदा चालून संपणारी कामं) मात्र संपल्यावरही पडून राहतात. त्यांच्या स्पेकमध्ये (सेटिंगच्या भागात) ‘टीटीएल सेकंड्स आफ्टर फिनिश्ड’ला ३६०० द्या, तासाभराने पॉडसकट जातात. लॉग हवे असतील तर त्याआधी बाहेर काढून ठेवा.