पडदा हलला, म्हणजे राजाने खूण केली

डेझीच्या पाकळ्या एकेक करून खुडत प्रेमाचा कौल लावायचा खेळ फ्रान्समध्येही खेळतात. पण 'आहे' की 'नाही' एवढ्या दोन उत्तरांवर तिथे भागत नाही. थोडंसं, खूप, जिवापाड, वेड्यासारखं, अजिबात नाही असं ते मोजत जातात. शेवटची पाकळी ज्या शब्दावर गळेल तो कौल. यातले अखेरचे दोन कौल उचलून लेतिसिया कोलोंबानी या दिग्दर्शिकेने २००२ साली आपल्या चित्रपटाचं नाव ठेवलं 'आ ला फोली... पा द्यू तू', म्हणजे 'वेड्यासारखं... अजिबात नाही'. मधल्या तीन टिंबांत सगळा चित्रपट मावतो.

ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे गोष्ट फुटणार आहे, आणि त्याला इलाज नाही.

बोर्दो शहर. आंजेलिक ही चित्रकला शिकणारी गोड मुलगी (काम ओद्रे तोतूचं, त्यामुळे गोड म्हणजे फारच गोड) लोइक नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या प्रेमात आहे. त्याला ती एकच गुलाबी गुलाब पाठवते. त्याची बायको गरोदर आहे, पण तो तिला सोडणार आहे, असं ती मैत्रिणीला सांगते. फ्लोरेन्सला जायचं ठरतं, ही विमानतळावर वाट पाहत राहते, तो येत नाही. आपण खुर्चीत बसून दात-ओठ खातो. लग्न झालेला पुरुष, भोळी पोरगी, ठरलेली कहाणी. शेवटी ती घरात गॅस सोडून जमिनीवर पडून राहते. आणि इथे चित्रपट सरसर उलटा फिरतो आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो, या वेळी डॉक्टरच्या बाजूने. गुलाब त्याला मिळालेला असतो, पण तो बायकोने पाठवला अशी त्याची समजूत. या मुलीला तो जेमतेम ओळखतो. बायकोला दिवस गेल्याच्या आनंदात त्याने एकदा शेजारी राहणाऱ्या या मुलीच्या हातात सहज एक फूल दिलं होतं. प्रकरण म्हणायचं तर एवढंच.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी मला स्वतःचाच राग आला होता. पहिल्या अर्ध्या भागात त्या दोघांमधला प्रेमाचा एक शब्दही मी ऐकला नव्हता. तरी प्रेमकथा मी मनातल्या मनात पुरी करून टाकली होती, ती पण चारदोन खुणांवर.

लंडनच्या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग इथे आठवतो. मण्यांच्या दोन बरण्या. एकीत लाल मणी ८५ आणि निळे १५, दुसरीत बरोबर उलट, असं समजा. बरण्या लपवायच्या आणि त्यांतल्या एकीतूनच एकेक मणी काढून समोरच्याला दाखवायचा. बरणी कुठली हे सांगायला हवे तेवढे मणी मागून घ्या. घाई नाही. बहुतेक माणसं तीन-चार मणी बघतात, पाचवा मागतात, मग बोलतात. ज्यांच्या मनात पक्के भ्रम घर करून आहेत अशांपैकी अनेक जण एक-दोन मण्यांतच निकाल देऊन मोकळे होतात, तेही खात्रीने. हा प्रयोग नंतर कितीतरी वेळा झाला आणि हा कल पुन:पुन्हा दिसला. उतावळेपणा आपल्यातही असतोच, मी त्या खुर्चीत तेच केलं. फरक पुढे आहे. तिसरा, चौथा, दहावा मणी निळा निघाला की आपण ओशाळून बरणी बदलतो. भ्रमात असलेला माणूस म्हणतो, हा मणी मुद्दाम निळा रंगवलाय, लोकांना कळू नये म्हणून.

कुणीतरी आपल्या प्रेमात आहे अशा आंजेलिकसारख्या पक्क्या भ्रमाच्या आजाराला इरोटोमेनिया म्हणतात, आणि एका फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून क्लेरांबोचा सिंड्रोमही. गाएताँ गातियाँ द क्लेरांबो (१८७२ ते १९३४) हे पॅरिसच्या पोलीस खात्याच्या खास मनोरुग्ण कक्षाचे डॉक्टर. रस्त्यावर विचित्र वागताना पकडलेली माणसं त्यांच्यापुढे आणली जात. माणूस स्वतःही चमत्कारिक होता. मोरोक्कोतल्या नखशिखान्त कापडात लपेटलेल्या बायकांचे त्यांनी हजारो फोटो काढले होते. कापडाच्या चुण्या कशा पडतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्यावर ते कलाशाळेत व्याख्यानं देत. बारीकसारीक घडीत अर्थ शोधणाऱ्या माणसाच्या हाती हा आजार लागावा, हे मला अगदी जुळलेलं वाटतं.

१९२० साली त्यांच्यासमोर ५३ वर्षांची एक बाई आली. बायकांच्या टोप्या शिवणं हा तिचा जुना धंदा. तिच्या म्हणण्याप्रमाणे इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज तिच्या प्रेमात होते. त्यासाठी ती लंडनच्या वाऱ्या करायची, बकिंगहॅम राजवाड्याबाहेर तासन् तास उभी राहायची. एकदा एका खिडकीचा पडदा हलला. झालं, राजाने खूण केली! लंडनमध्ये राहायला खोली मिळाली नाही, सामान हरवलं, तर तेही राजाचंच काम. इतका त्रास देतो म्हणजे त्याला माझी आठवण आहे. राजा माझा द्वेष करेल, पण मला विसरणं त्याला जमायचं नाही, अशी तिची खात्री होती.

पडदा आणि प्रेम यांचा असा बादरायण संबंध जोडण्याच्या मुळाशी क्लेरांबोंना एक सूत्र सापडलं. सुरुवात समोरच्याने केली, आणि त्याचंच प्रेम जास्त आहे. बाकी सगळं या एका खिळ्याला टांगलेलं असतं. तो बोलत नाही कारण त्याला धीर होत नाही. त्याचं लग्न झालंय, पण ते काही खरं लग्न नव्हे. तो चिडला तर माझी परीक्षा पाहतोय, पोलिसांत गेला तर त्याच्यावर कुणाचा तरी दबाव आहे. समोरचा माणूस बहुधा वरच्या पायरीवरचा असतो, राजा, डॉक्टर, नट, साहेब. त्यामुळे त्याची गाठ न पडण्याला कारणं आयतीच मिळतात.

आपल्याकडे बातमीत 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द आले की सगळं उलगडलं असं आपण धरून चालतो. इथे ते शब्द उलटे पडतात. या रुग्णाच्या लेखी प्रेम एकतर्फी असलंच तर ते समोरच्याचं, आपण फक्त त्याला प्रतिसाद देतोय. मुलीचा नकार ऐकून तिच्या मागे लागणारा तरुण बहुतेक वेळा या आजाराचा नसतो. त्याला नकार नीट समजलेला असतो, मान्य नसतो. भारतीय न्याय संहितेचं पाठलागाच्या गुन्ह्याचं कलम ७८ आहे ते अशांसाठी, आणि त्याच्या वागण्याला आजाराची सबब देऊ नये.

मुळात पडद्याकडे लक्ष जातंच का? मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली मांडलेलं स्पष्टीकरण मला सगळ्यांत पटतं. डोळ्यांसमोरून दिवसभरात हजार गोष्टी जातात. त्यांतल्या मोजक्यांवर मेंदू 'हे तुझ्या कामाचं' असा शिक्का मारतो, आणि त्या कामात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. हे डोपामिन अवेळी, नको तिथे सुटू लागलं की हलणारा पडदा, गाडीचा नंबर, टीव्हीवरच्या निवेदकाचा टाय, सगळ्यांवर शिक्के पडत जातात. माणसाला नुसतं जाणवतं की हे माझ्यासाठी आहे. पण का, याचं उत्तर मिळेपर्यंत जिवाला चैन नसते. भ्रम हे ते उत्तर. ते सापडल्यावर इतकं हायसं वाटतं की सोडवत नाही. त्यात माणूस एकटा असेल, कुणी आपल्याला निवडलंय ही कल्पनाच त्याला ऊब देणारी असेल, तर उत्तर प्रेमाचं निघणं अवघड नाही.

निव्वळ इरोटोमेनिया क्वचितच आढळतो. ज्या भ्रमविकारांत तो मोडतो ते सगळे धरले तरी आयुष्यात कधी ना कधी त्यांत सापडणारी माणसं हजारात दोनच्या आसपास, आणि त्यांतही 'लोक माझ्या वाईटावर आहेत' म्हणणारेच जास्त. पुष्कळदा हा भ्रम स्किझोफ्रेनिया, मेनिया किंवा म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाच्या पोटात दिसतो. चित्रपटात आंजेलिक डॉक्टरच्या गरोदर बायकोवर दुचाकी घालते, आणि पुढे गोष्ट खुनापर्यंत जाते. आशा, मग रुसवा, मग आकस हा क्लेरांबोंनी सांगितलेला चढता क्रम तिथे नेमका उतरलाय. पण तिसऱ्या पायरीवर प्रत्येक रुग्ण हिंसक होतोच असं नाही. तेवढं थ्रिलरच्या खात्यावर टाकावं.

ज्याच्यावर हे प्रेम बेततं त्याचे हाल मात्र खरे. समजूत घालायला एकदा भेटावं, खडसावून एक पत्र लिहावं, हे कुणालाही सुचेल, आणि इथे तेच अंगाशी येतं. ते पत्र उशीखाली जातं. म्हणून सल्ला असा की उत्तर अजिबात द्यायचं नाही, आलेलं सगळं जपून ठेवायचं आणि वेळेवर पोलिसांना कळवायचं.

भ्रमावरची औषधं डोपामिनचा जोर कमी करतात. नवे शिक्के पडायचे थांबतात. जुनी गोष्ट मात्र गोळीने पुसली जात नाही, ती हळूहळू फिकी व्हावी लागते, आणि त्यासाठी बोलणारा, विश्वासाचा डॉक्टर लागतो. शिवाय रुग्णाला आपण आजारी आहोत हेच मान्य नसतं, तेव्हा गोळी घशाखाली उतरवणं हेच मोठं काम. त्यात ही माणसं हुशारीने गप्प राहतात. एरवी त्यांचं बोलणं-चालणं चारचौघांसारखं असतं. त्यांना थेट प्रश्न विचारून हाती काही लागत नाही, त्यांना बोलण्यात गुंतवून चिथवावं लागतं, असं क्लेरांबो सांगत.

आंजेलिकला बोर्दोच्या चित्रपटात असं कुणी चिथवलेलं दिसत नाही. काही वर्षं मनोरुग्णालयात काढून ती बरी होते, निरोप घेऊन निघते. मग सफाई करणारी बाई तिच्या खोलीतलं कपाट सरकवते. मागच्या भिंतीवर रंगीबेरंगी गोळ्या एकीला एक लावून चिकटवलेल्या असतात, आणि त्यांतून लोइकचा चेहरा आपल्याकडे बघत असतो.