खांदा सारखा निखळतोय? मग आधी हाड किती उरलंय ते मोजा

"खांदा उतरला होता, मैदानावरच बसवला, आता काही नाही." कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्या पोरांकडून हे वाक्य इतक्या सहज ऐकायला मिळतं की काळजी वाटते. वर्षभरात तोच खांदा पुन्हा निखळतो, मग झोपेत कूस बदलताना, मग शर्ट घालताना. शेवटी घरचे ऑपरेशनचं बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "दुर्बिणीतून होईल ना?" माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न हाड किती झिजलंय हा.

आपल्या शरीरात सगळ्यात जास्त फिरणारा सांधा खांद्याचा आणि मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळणाराही तोच. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीवर टेकतो ती (डॉक्टर तिला ग्लेनॉइड म्हणतात) छोटी, उथळ, बशीवर मोसंबं ठेवल्यासारखं ते प्रकरण. गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. बाकी काम कडेची लॅब्रमची गादी, सांध्याभोवतीचं आवरण आणि स्नायू करतात. रेडर परत फिरताना मागून कोणी त्याचा हात धरला, अंग पुढे गेलं आणि हात वर उचललेला, बाहेर पिळलेला तसाच मागे राहिला, की गोळा पुढच्या बाजूने खाली सटकतो.

सटकताना दोन जखमा होतात. पुढची लॅब्रम खोबणीच्या काठापासून सुटते, कधी काठाच्या हाडाचा कपचाही घेऊन जाते. लॅब्रम सुटण्याची ही जखम लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट या सर्जननी 1923 मध्ये मांडली, म्हणून ती बँकार्ट लीजन. दुसरी जखम गोळ्याच्या मागच्या बाजूला, कारण बाहेर आलेला गोळा खोबणीच्या टणक काठावर आपटतो आणि तिथे खड्डा पडतो. हा खड्डा 1940 मध्ये हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन रेडिओलॉजिस्टनी सविस्तर मांडला. प्रत्येक वेळी निखळताना काठ थोडा आणखी झिजतो, खड्डा थोडा आणखी मोठा होतो, म्हणून "बसला ना परत, झालं" म्हणणं महागात पडतं.

आता दुर्बिणीची गोष्ट. दुर्बिणीतून सुटलेली लॅब्रम टाक्यांनी परत काठाला बांधतात, ऑपरेशन चांगलं आहे आणि योग्य खांद्यात छान चालतं. पण 2000 मध्ये बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी अशा 194 ऑपरेशन्सचा हिशोब मांडला. हाड शाबूत होतं त्यांच्यात सुमारे 4 टक्के खांदे पुन्हा निखळले किंवा ढिले राहिले, आणि हाडाची मोठी झीज असलेल्या 21 जणांपैकी तब्बल 14 जणांचे. काठच नसेल तर टाके घालून बांधलेली लॅब्रम एकटी किती जोर सोसणार?

पण किती झीज म्हणजे जास्त? इथे मला या विषयातली सगळ्यात सुंदर कल्पना भेटते, ती म्हणजे ग्लेनॉइड ट्रॅक. जपानच्या यामामोतो, इतोई वगैरे मंडळींनी 2007 मध्ये मृतदेहांच्या खांद्यांवर मोजलं की हात बाहेर पिळून हळूहळू वर उचलत नेला तर खोबण गोळ्याच्या मागच्या बाजूला कुठे कुठे टेकते. ती टेकण्याची जागा सरकत सरकत एक पट्टा तयार करते. पट्ट्याची बाहेरची कड म्हणजे रोटेटर कफचा (गोळ्याभोवतीच्या स्नायूंचा) स्नायूबंध हाडाला चिकटतो ती जागा, आतली कड म्हणजे खोबणीचा पुढचा काठ जिथे येतो ती जागा, आणि रुंदी खोबणीच्या रुंदीच्या साधारण 83-84 टक्के. खड्डा पूर्णपणे या पट्ट्यात असेल तर त्याच्यासमोर कायम खोबणीचं हाड असतं, तो अडकत नाही, याला ऑन-ट्रॅक म्हणतात. खड्डा पट्ट्याची आतली कड ओलांडून गेला तर काठ खड्ड्यात घसरतो आणि गोळा बाहेर, हा ऑफ-ट्रॅक.

आणि गंमत अशी की काठ झिजला की पट्टा तेवढाच अरुंद होतो, म्हणजे खड्डा तोच असला तरी आधी निर्धोक होता तो आता धोकादायक होतो, दोन्ही बाजूंचा हिशोब एकत्रच करावा लागतो. समजा खोबणीची मूळ रुंदी 28 मिमी, त्यातले 6 मिमी गेले. 28 चे 83 टक्के म्हणजे 23.2, वजा 6, पट्टा उरला 17.2 मिमी. रोटेटर कफच्या जागेपासून खड्ड्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर 20 मिमी भरलं तर खांदा ऑफ-ट्रॅक. हाड शाबूत असतं तर हेच 20 मिमी आरामात पट्ट्यात बसले असते.

अशा खांद्यासाठी जे ऑपरेशन जगभर केलं जातं ते फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या मिशेल लातार्जे यांनी 1954 मध्ये सांगितलं. खांद्याच्या पुढे कॉलरबोनखाली बोटाला लागतो तो कोराकॉइड नावाचा हाडाचा आकडा, त्याचा दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा त्याला चिकटलेल्या स्नायूबंधासकट कापायचा, सबस्कॅप्युलॅरिस स्नायू आडवा फाकवून त्यातून आत न्यायचा आणि झिजलेल्या काठावर सहसा दोन स्क्रूंनी बसवायचा. काठ भरला, पट्टा पुन्हा रुंद झाला. पण खरी कमाल त्या स्नायूबंधाची आहे. हात वर करून बाहेर पिळला की तो पुढून खालच्या बाजूला ताणून गोळ्याला अडवतो, म्हणजे नेमक्या धोक्याच्या पोझिशनमध्येच सगळ्यात घट्ट होतो! मृतदेहांवरच्या प्रयोगात हात पूर्ण पिळलेल्या स्थितीत जवळजवळ तीन चतुर्थांश आधार या स्नायूबंधाचाच निघाला. नुसतं हाड बसवून हे मिळत नाही.

सोपं मात्र अजिबात नाही. तुकडा एक-दोन मिलिमीटर बाहेर बसला तर गोळा त्यावर घासून सांधा खराब होतो, फार आत बसला तर आधारच मिळत नाही. शेजारूनच दोन महत्त्वाच्या नसा जातात. तंबाखू-सिगरेट चालू असेल तर हाड जुळायला त्रास होतो. हेही आता दुर्बिणीतून करणारे सर्जन आहेत, पण त्याला बराच सराव लागतो, आणि चिरा लहान की मोठा यावरून चांगलं-वाईट ठरवणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. इंजेक्शनने झिजलेला काठ परत उगवतो असं कोणी सांगत असेल तर सरळ उठून या. काठ फारसा झिजलेला नसेल आणि खड्डाच मोठा असेल तर मागचा स्नायूबंध त्या खड्ड्यात शिवून बुजवतात, त्याला राँप्लिसाज म्हणतात. झीज फारच मोठी असेल किंवा लातार्जे फसलं असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा घेतात.

अजून एक गट आहे त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, तो म्हणजे फिट येणारे पेशंट. फिटमध्ये स्नायू इतक्या जोरात आवळले जातात की खांदा निखळतो, कधी पुढे, कधी मागे, आणि हाडाची झीज यांच्यात बऱ्याचदा सगळ्यात जास्त असते. अशा वेळी कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं, मांत्रिकाकडे नेणं, हातपाय दाबून धरणं हे अजूनही चालतं. हातपाय दाबून धरल्याने तर खांद्याला उलट इजाच होऊ शकते. त्या माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा. गोळ्यांनी फिट आटोक्यात आणल्याशिवाय खांद्याचं ऑपरेशन करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण पुढच्या फिटमध्ये बसवलेलं हाड आणि स्क्रू दोन्ही निघू शकतात.

खांदा दुसऱ्यांदा निखळला असेल तर नुसत्या एक्स-रेवर थांबू नका, थ्रीडी सीटी स्कॅनबद्दल विचारा. त्यात दंडाचा गोळा कॉम्प्युटरवर काढून टाकता येतो आणि खोबण समोरून दिसते. खालच्या भागावर वर्तुळ बसवलं की पुढचा किती भाग गेलाय ते मोजता येतं. ही मोजणी हातात घेऊन मग दुर्बीण की लातार्जे यावर डॉक्टरांशी बोला.